कारखाना नसलेली भट्टी

उन्हाळा लागला की सरकारी पत्रके निघतात. उष्माघातापासून वाचायचे असेल तर काय करावे आणि काय टाळावे याची यादी त्यांत असते. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, तहान नसली तरी पाणी प्या, सैल सुती कपडे वापरा. या यादीत एक सूचना अशी असते, जिच्यापाशी वाचणारा सहसा थांबत नाही: भर उन्हाच्या वेळी स्वयंपाक करणे टाळा आणि स्वयंपाकघराची दारे-खिडक्या उघडी ठेवा. घरातल्या बाईला ती कितपत पाळता येते, हा प्रश्न आहेच. पण मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या रामवाडीला दुपारी एकच्या सुमाराला एस.टी. लागते, एका गाडीतून चाळीस माणसे उतरतात आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत प्रत्येकाला चहा, वडा, मिसळ नाहीतर राइसप्लेट हवी असते. तेव्हा भटारखान्यात उभ्या असलेल्या माणसाने ही सूचना पाळायची कशी? त्याचा धंदाच मुळी बारा ते तीनचा.

रामवाडी म्हणजे कोकणात जाणाऱ्याच्या लेखी पेणचा थांबा. एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय इथेच. पनवेल मागे टाकलेली गाडी इथे थोडा दम खाते. पुढे वडखळचा फाटा, तिथून उजवीकडे अलिबाग आणि सरळ नागोठणे, कोलाड, माणगाव. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि दशक उलटले तरी ते रेंगाळतच राहिले, हे या रस्त्याने गणपतीला जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. वाहतूक तुंबली की प्रवासी हॉटेलांवर उतरतात. म्हणजे महामार्गाची रखडपट्टी जशी गाडीत बसलेल्यांनी सोसली, तशीच ती कढईपुढे उभे राहणाऱ्यांनीही सोसली. त्यांच्या वाट्याची कोणी बातमी केली नाही, एवढाच फरक.

या पट्ट्यातला उकाडा एका जातीचा नाही. मार्चमध्ये घाटावरून खाली उतरणारे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा आत शिरतो. मग पारा भलतीकडेच जातो. याच रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. विदर्भालाही लाजवील असा हा आकडा, आणि तोही मार्चात. मे महिन्यात पारा तेवढा चढत नाही, पण हवा ओली असते. ऑक्टोबरात पाऊस सरून ऊन चढते आणि जमिनीतला ओलावा अजून वर येतच असतो. पाऱ्यापेक्षा हा ओलावा जास्त घात करतो, हे कोकणातल्या माणसाला अंगावरून कळते. हवामान खात्यालाही ते ठाऊक आहे. उष्णतेची लाट जाहीर करायला मैदानी प्रदेशात किमान ४० अंश लागतात, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच, सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वाढ असेल तर, लाट मानली जाते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. आप्पासाहेब धर्माधिकारी यांना पुरस्कार मिळताना पाहायला लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात बसला होता. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. खारघर रायगड जिल्ह्यातलेच. त्या दिवसानंतर उन्हातल्या सभांबद्दल, मंडपांबद्दल, वेळांबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण आपल्या मनात उष्माघात म्हणजे ऊन, हे समीकरण त्यामुळे आणखी पक्के झाले. छपराखाली, सावलीत उभ्या असलेल्या माणसालाही तो होतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता भटारखान्यात जाऊ. हॉटेलच्या मालकाला गिऱ्हाईक दिसते ते पुढच्या बाजूला, म्हणून भटारखाना मागे. वर पत्रा, एक दार, एक झरोका, आणि भिंतीत बसवलेला, तेलाच्या थराने काळा पडलेला एक्झॉस्ट पंखा. एका बाजूला वड्यांची कढई, मधे दोन-तीन मोठ्या भट्ट्या, एका कोपऱ्यात चहाचे पातेले जे पहाटेपासून रात्रीपर्यंत उतरतच नाही, पलीकडे मोरी. जिथे रोट्या मिळतात तिथे तंदूर, जिथे तांदळाची भाकरी मिळते तिथे चूल किंवा मोठा तवा आणि त्याच्यापुढे बसलेली एक मावशी. हॉटेल जरा बरे असेल तर पुढे वातानुकूलित ‘फॅमिली रूम’ असते. त्या यंत्राचा गरम हवा फेकणारा डबा कुठे बसवलेला असतो, हे एकदा मागे जाऊन पाहावे. बहुतेक वेळा भटारखान्याच्या झरोक्याशेजारीच. पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगातला उकाडा मागच्या मास्तरच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, अंगावर नेऊन टाकायची ही सोय कोणी मुद्दाम केलेली नसते. मोकळी भिंत तेवढी एकच असते, म्हणून ती होते.

थोडा हिशेब करू. हॉटेलात वापरतात तो गॅसचा सिलिंडर १९ किलोचा. एक किलो गॅस जळला की साधारण पावणेतेरा युनिट वीज जाळल्याइतकी उष्णता निघते. म्हणजे एका सिलिंडरमागे सुमारे २४० युनिट. बारा तासांत एक सिलिंडर संपवणारे हॉटेल काही मोठे म्हणता येणार नाही, पण त्याच्या भटारखान्यात एक किलोवॅटचे वीस हीटर बारा तास लावून ठेवल्याइतकी उष्णता तयार होते. त्यातली सगळीच काही अन्नात जात नाही. घरगुती शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी असे भारतीय मानक सांगते. उघड्या, मोठ्या ज्योतीच्या भट्टीवर यापेक्षाही कमी पोचते. उरलेली हवेत, भिंतीत आणि माणसात जाते. भांड्यात गेलेलीही पुढे वाफ होऊन परत हवेतच येते.

दुसरी गोष्ट फारशी कोणी मोजत नाही. गॅस जळताना पाणी तयार होते. एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त. १९ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत ज्योतीतूनच जवळजवळ ३० लिटर पाण्याची वाफ भटारखान्यात सोडली गेलेली असते. भाताची, आमटीची, चहाची आणि मोरीतल्या गरम पाण्याची वाफ वेगळीच. मे महिन्यात रामवाडीची हवा आधीच ओली असते, त्यात ही भर.

ओल्या हवेत काय होते? आपले अंग थंड ठेवायला निसर्गाने एकच नामी उपाय दिला आहे, घाम. एक लिटर घाम अंगावरून वाळून उडाला तर तो ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण उडाला तरच. हवेत ओलावा भरलेला असला की घाम उडत नाही, नुसता ओघळतो. कपाळावरून डोळ्यांत उतरणाऱ्या, कोपरावरून टपकणाऱ्या घामाने अंग थंड होत नाही. त्याने फक्त शरीरातले पाणी आणि मीठ जाते. म्हणून शास्त्रज्ञ नुसता पारा पाहत नाहीत, थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो किती दाखवतो हे पाहतात. हे ओल्या फडक्याचे तापमान ३५ अंशांवर गेले की निरोगी माणूससुद्धा फार वेळ तग धरू शकत नाही, असे पूर्वी मानत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले आणि २०२२ मध्ये सांगितले की ही मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच गाठली जाते, आणि तीही हलकी हालचाल करणाऱ्यांच्या बाबतीत. बाहेर ३५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान साडेअठ्ठावीस भरते. ही झाली रस्त्यावरची हवा. आतली भट्टी अजून पेटलेलीच नाही.

इथे कायद्याकडे वळायला हवे, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत कसली, विटंबना. कामाच्या जागी किती उकाडा चालेल यावर आपल्याकडे नियम आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचे १३ वे कलम हवा खेळती ठेवण्याबद्दल आणि तापमानाबद्दलच होते. त्याखाली केलेल्या नियमांत ठिकठिकाणी मर्यादा दिली होती: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ओल्या फडक्याचे तापमान ३० अंशांपुढे जाऊ नये आणि हवा मिनिटाला किमान ३० मीटर वेगाने हलती असावी. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना ओलावा कळत होता. पण त्याच कायद्यात ‘कारखाना’ कशाला म्हणावे हे सांगणारे कलम शेवटाकडे काही गोष्टी वगळत होते. खाण, सैन्यदलाचे फिरते पथक, रेल्वेची इंजिनशेड आणि हॉटेल, उपाहारगृह किंवा खाण्याची जागा. खाणींना स्वतःचा कायदा होता. सैन्याची आणि रेल्वेची स्वतंत्र व्यवस्था आहे. हॉटेलला काय? २०२० साली संसदेने कामगार सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली, २०२५ मध्ये तिने कारखाना कायद्याची जागा घेतली, आणि तिच्यातही ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येतून हॉटेल तसेच वगळलेले राहिले.

रामवाडीहून काही किलोमीटरवर, वडखळच्या पुढे डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. तिथल्या भट्टीजवळ काम करणारा कामगार कारखान्यांच्या नियमांच्या छत्राखाली येतो. तिथे निरीक्षक येऊ शकतो, मोजमाप मागू शकतो. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांतही तसेच. रामवाडीच्या भटारखान्यातला मास्तर मात्र दुकान-कायद्याच्या छत्राखाली येतो. १९४८ चा मुंबईचा जुना दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ चा महाराष्ट्राचा नवा कायदा आला. त्यात मुळात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशा तरतुदी होत्या. स्वच्छता, उजेड, वायुवीजन, आग यांबद्दल मालकाने उपाय करावेत असेही म्हटले आहे. अंशांचा आकडा मात्र नाही. शिवाय २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक बंधनांतून मोकळे ठेवले. महामार्गावरच्या किती हॉटेलांत मस्टरवर दहा नावे असतात, हे वाचकांनी स्वतःच ताडावे.

हॉटेल चालवणाऱ्याची बाजू अगदीच नाही असे नाही. जागा भाड्याची, रस्तारुंदीकरणात कधी जाईल याचा नेम नाही, मग तिथे हूड आणि डक्ट कोण बसवणार? पण एक भ्रम बाजूला करायला हवा. एक्झॉस्ट मोठा बसवला की काम झाले, असे बऱ्याच मालकांना वाटते. पंखा हवा बाहेर टाकतो, पण तेवढीच ताजी हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता घरघरतो. आत येणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा यांचा मेळ बसवणे हेच भटारखान्याच्या वायुवीजनाचे मर्म. भट्टीच्या समोरच्या भिंतीला, कंबरेच्या उंचीवर, जाळी बसवलेला एक मोठा झरोका हा काही महागडा उपाय नव्हे.

साधा पंखा का लावत नाहीत, असे बाहेरचा माणूस विचारतो. भटारखान्यातला हसतो. पंख्याच्या झोताने भट्टीची ज्योत हलते, तवा थंड पडतो, पीठ उडते. म्हणून पंखा असला तरी तो बंद, किंवा तोंड फिरवून मोरीकडे केलेला. उपाय आहे, तो म्हणजे माणसाच्या पाठीवर आणि मानेवर वरून नळीने हवा सोडणे, ज्योतीवर नव्हे. गिरण्यांत, काचेच्या भट्ट्यांपुढे असे झोत वापरतात. भट्टी आणि माणूस यांच्या मधे चकचकीत पत्र्याचा आडोसा उभा केला तर अंगावर थेट येणारी झळ अडते. पातेल्यावर झाकण, काम नसताना भट्टी बारीक किंवा बंद, कांदा-बटाट्याची कामे पहाटे उरकणे, पत्र्यावर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात, आणि तो वातानुकूलनाचा डबा दुसऱ्या भिंतीला. यातल्या निम्म्या गोष्टींनी गॅसचे बिलही खाली येते. मालकाला पटवायचे तर सुरुवात बिलापासूनच करावी, माणुसकी मागाहून.

मास्तर लोकांचे या सगळ्यावर एक ठरलेले उत्तर असते: सवय होते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. उष्ण जागी काम करायची सवय शरीराला खरोखर होते, त्याला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. पण सवय टिकत नाही. काही आठवडे गावी राहून आलेल्या माणसाची ती उतरलेली असते. आणि आपल्या महामार्गावरच्या भटारखान्यांत कोण असतात? उत्तराखंडातले, नेपाळातले, ओडिशातले, बंगालमधले. डोंगरातल्या गार गावाहून आलेला पोरगा दुसऱ्या दिवशी मे महिन्यातल्या कढईपुढे बारा तास उभा केला जातो, कारण सीझन आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या वीस टक्केच वेळ झळीत ठेवावे आणि मग रोज वीस-वीस टक्के वाढवावे, असा अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. अंगाला सवय नसलेले पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात.

पाण्याचेही तसेच. तहान लागली की एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा दर पाव तासाला-वीस मिनिटांना पेलाभर पिणे चांगले. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला नुसते पाणी पुरत नाही, मीठही लागते. ताक, आंबील, मीठ घातलेले कोकम सरबत, लिंबूपाणी ही आपली जुनी पेये त्यासाठी उत्तम, आणि ती हॉटेलच्या भटारखान्यात मिळू नयेत याला काही कारण नाही. जलसंजीवनी म्हणजे एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या हजारो रुग्णांचे प्राण वाचवले. ते भट्टीपुढच्या माणसालाही उपयोगी पडते. चहाच्या पेल्यांवर दिवस काढणे मात्र घातक. त्याने तरतरी येते, पण गेलेले मीठ भरून येत नाही.

भाकरी भाजणाऱ्या मावशींची अडचण वेगळी आहे आणि ती बोलली जात नाही. त्या पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. प्रवाशांसाठी स्वच्छतागृह असते, पण पाच मिनिटे तवा सोडून तिथे रांगेत उभे राहणे जमत नाही. मग लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मूतखडा. उष्णता आणि कमी पाणी यांनी मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास मध्य अमेरिकेतल्या उसाच्या मजुरांपासून तमिळनाडूतल्या मिठागरांपर्यंत झाला आहे. पेण तालुक्यालाही मिठागरे नवीन नाहीत.

बायकांच्या चुलीपुढच्या श्रमाला श्रम न मानण्याची आपली खोड जुनी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी. एका खोलीत संसार, त्याच खोलीत गिरणी कामगारांचे डबे. बँकांनी त्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे त्या कागदावर कष्टकरी म्हणून दिसू लागल्या. पत मिळाली. उकाड्याचा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही, कारण स्वयंपाक म्हटला की तो घरचाच, आणि घरच्या कामाला कसले आले नियम! कायद्याने हॉटेलला कारखान्यातून वगळले, त्यामागे ही समजूतही असावी, असे मला वाटते.

धोक्याची खूण मात्र प्रत्येक भटारखान्यात ठाऊक असायला हवी. घामोळ्या आणि पोटऱ्यांत गोळे येणे ही सुरुवात. मग डोके दुखणे, मळमळ, चक्कर. माणूस बरळायला लागला, नीट उत्तर देईना, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरी. कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात घाम आटतोच असे नाही. अशा वेळी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, अंगावर पाणी ओतत राहावे, पंखा घालावा, मान-काख-जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ ला फोन लावावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. कांदा नाकाला लावण्यात वेळ दवडू नये, मग तो अलिबागचा पांढरा कांदा का असेना.

इतरत्र काय चालले आहे? कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून छपराखालच्या उकाड्यावर स्वतंत्र नियम लागू केला. आतले तापमान सुमारे २८ अंशांवर गेले की मालकाने पिण्याचे पाणी, विसाव्याची थंड जागा आणि नव्या कामगारावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था करायची. साधारण साडेतीस अंशांनंतर तापमान खाली आणण्याचे किंवा कामाच्या पाळ्या बदलण्याचे उपाय सक्तीचे. उपाहारगृहांची स्वयंपाकघरे त्यात येतात. आपल्याकडे २८ अंश म्हणजे जानेवारीतली दुपार, हे खरे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण तत्त्व उचलता येईल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये अंदाज दिला होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतात कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. त्या अंदाजात शेत आणि बांधकाम पुढे असतात.

आपल्याकडे भटारखान्याचा विचार झालाच तर तो धुरामुळे होतो. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सांगितले आणि पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदुरांवरही बडगा उगारला. निर्णय चांगलाच. पण काळजी होती ती बाहेरच्या हवेची. तंदुरापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत आणि अंगात काय जाते, याचा उल्लेख ओघाने आला तर आला.

केंद्राच्या व्याख्येतले चार शब्द बदलायला वेळ लागेल. तोवर थांबायचे कारण नाही. महामार्गावरच्या खासगी हॉटेलांना एस.टी. महामंडळ अधिकृत थांबा म्हणून मंजुरी देते, आणि मंजुरी देताना स्वच्छता, स्वच्छतागृह, दर यांबद्दल अटी घालते. त्या अटींत आणखी तीन घालाव्यात: भटारखान्यात ओल्या फडक्याचा थर्मामीटर लावावा आणि त्याची रोजची दुपारची नोंद ठेवावी, ३० अंशांनंतर दर तासाला दहा मिनिटे झळीबाहेरची सुट्टी द्यावी, आणि कामगारांसाठी पाणी, ताक व स्वतंत्र स्वच्छतागृह असावे. यासाठी संसद लागत नाही, विधिमंडळही लागत नाही. परिपत्रक पुरते. रायगड विभागाचे कार्यालय रामवाडीलाच आहे. सुरुवात त्या कार्यालयाने आपल्या परिसरातल्या भटारखान्यांपासून करावी, आणि येत्या मार्चच्या आत करावी.